सनद मोठी कीं संवय मोठी?

आपल्या लोकांत एक समजूत फार खोल रुजलेली आहे. शहराला सनद मिळाली, कायद्याच्या पुस्तकांत त्याच्या नांवानें चार कलमें घातलीं गेलीं, सभागृहांत खुर्च्या मांडल्या गेल्या, म्हणजे नागरिकांचें काम संपलें. पुढें रस्ते झाडले जावेत, दिवे लागावेत, आगी विझाव्यात, तें सर्व खुर्चीवर बसलेल्यांनीं पाहावें. आणि त्यांनीं न पाहिल्यास त्यांना चार शिव्या देऊन आपण स्वस्थ झोंपावें. ही समजूत कितपत खरी आहे, हें ठरविण्यास उपयोगी पडेल असा एका शहराचा इतिहास आम्ही आज वाचकांपुढें ठेवणार आहों. तें शहर अमेरिकेंतील फिलाडेल्फिया, आणि काळ तें इंग्रजांच्या वसाहतीचें शहर होतें तेव्हांचा, म्हणजे १७०१ पासून १७७६ पर्यंतचा. या शहरास सनद होती आणि सनदेनें नेमलेले नगरपितेही होते. तरीसुद्धां त्या पाऊणशें वर्षांत शहराचीं जीं कामें आज नांवाजलीं जातात, तीं बहुतेक सनदेच्या बाहेर उभीं राहिलीं आहेत. तीं कशीं राहिलीं, हें व्यापारी व नागरिक यांनीं समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम सनदेचीच गोष्ट सांगतों. १६८१ सालीं इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लस राजानें विल्यम पेन नांवाच्या क्वेकर पंथी गृहस्थास डेलावेअर नदीच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण मुलूख तोडून दिला, व पुढील वर्षीं पेननें नदीकांठीं या शहराची आंखणी केली. रस्ते सरळ व एकमेकांस काटकोनांत छेदणारे, मधून मधून मोकळे चौक, अशी ती आंखणी होती. पुढें १७०१ च्या आक्टोबरांत पेननें शहरास सनद दिली. तिच्यांत एक मेयर, एक रेकॉर्डर, आठ आल्डरमेन व बारा कौन्सिलर नांवानिशीं नेमले होते. हे आल्डरमेन व कौन्सिलर एकदां बसले म्हणजे तहाहयात बसावयाचे. त्यांतला कोणी मेला किंवा निघून गेला, तर उरलेल्यांनींच त्याच्या जागीं दुसरा निवडावयाचा. मेयरची निवडणूक दर वर्षीं होई खरी, परंतु ती याच मंडळींत, याच मंडळींकडून. शहरांतील सामान्य नागरिकाला मताचा अधिकार यांत कोठेंच नव्हता. कायद्याच्या भाषेंत अशा संस्थेस बंदिस्त नगरसंस्था म्हणतां येईल. साध्या मराठींत बोलावयाचें तर हें एक मिरासदारांचें मंडळ होतें.

या मंडळाच्या हातीं पैसाही बेताचाच होता. बाजारांतील ओट्यांचें भाडें, नदीवरील तरीचें व धक्क्यांचें उत्पन्न आणि दंड, एवढ्यावर त्याचा संसार चाले. नागरिकांवर कर बसविण्याचा अधिकार सनदेनें त्यास दिला नव्हता. प्रांताचें विधिमंडळ मात्र लोकांनीं निवडलेलें होतें, आणि ज्यांस लोकांनीं निवडलें नाहीं त्यांच्या हातीं लोकांचा खिसा देण्यास तें राजी नव्हतें. म्हणून कराचा प्रश्न जेव्हां जेव्हां निघाला, तेव्हां तेव्हां विधिमंडळानें लोकांकडून निवडलेले वेगळे अधिकारी निर्माण केले व नगरसंस्थेस बाजूला ठेविलें. परिणाम असा झाला कीं, पदाचा मान उरला आणि त्यांतलें काम निघून गेलें. मेयरपद स्वीकारण्यापेक्षां दंड भरून सुटावें, असें वाटणारे धनिक शहरांत निघूं लागले. पद सोडतांना मेयरनें मंडळास मोठी मेजवानी द्यावी अशी एक रूढि होती. १७४६ सालीं जेम्स हॅमिल्टन या मेयरनें मेजवानी न देतां, व्यापाऱ्यांना एकत्र जमण्यासाठीं सार्वजनिक इमारत व्हावी म्हणून दीडशें पौंड देऊं केले, ही त्या मंडळाच्या इतिहासांत टिपून ठेवण्याजोगी गोष्ट ठरली! ज्या संस्थेंत मेजवानी न देणें हें सुधारणेचें पाऊल समजलें जातें, तिच्याकडून रस्ते झाडले जातील अशी अपेक्षा कोणीं करावी?

आतां सनदेच्या बाहेर काय चाललें होतें तें पाहूं. १७२३ सालीं बॉस्टनहून पळून आलेला सतरा वर्षांचा एक छापखान्यांतील उमेदवार या शहरांत उतरला. त्याचें नांव बेंजामिन फ्रँकलिन. १७२७ सालीं त्यानें आपल्यासारख्या कष्टकरी मित्रांचें एक लहानसें मंडळ काढलें. त्यास तो ‘जंटो’ म्हणे. दर शुक्रवारीं संध्याकाळीं हे लोक जमत. त्यांत सुतार होता, कांच बसविणारा होता, दस्तऐवज लिहिणारा होता, एका व्यापाऱ्याचा कारकून होता. नीति, राजकारण व सृष्टिशास्त्र यांवर प्रश्न काढावयाचे, पाळीपाळीनें निबंध वाचावयाचे, आणि वादांत हट्टानें विधान करणाऱ्यास किंवा कोणास तोडून बोलणाऱ्यास थोडा दंड करावयाचा, असा नेम होता. दंडाची रक्कम लहान असली तरी तिची शिकवण लहान नव्हती. दुसऱ्याचें ऐकून घेणें, आपलें म्हणणें पुराव्यानिशीं मांडणें, व बहुमताचा निर्णय मनांत अढी न धरतां पाळणें, हें शिक्षण ज्यांस मिळालें नाहीं, त्यांच्या हातीं कोणतीही सनद दिली तरी ती कागदच राहते.

या मंडळांतून पहिलें फळ निघालें तें ग्रंथालयाचें. पुस्तकें महाग, तीं इंग्लंडहून आणावीं लागत, आणि वाचणारे बहुतेक पोटापुरतें मिळविणारे. १७३१ सालीं पन्नास वर्गणीदार जमवून, प्रत्येकीं चाळीस शिलिंग आरंभीं व दहा शिलिंग दर वर्षीं, अशा कराराने ‘लायब्ररी कंपनी’ स्थापन झाली. एका धनिकाची देणगी घेऊन ती एका दिवसांत उभी करतां आली असती. पण मग ती त्या धनिकाची झाली असती. पन्नास जणांनीं थोडें थोडें दिल्यामुळें ती पन्नास जणांची झाली, आणि ती अद्याप चालूं आहे. फ्रँकलिननें येथें एक व्यवहारज्ञान मिळविलें, तें आमच्या सभासंस्थांच्या चालकांनीं लक्षांत ठेवावें. योजना आपल्या नांवानें पुढें मांडली कीं लोकांच्या मनांत मत्सर उत्पन्न होतो, असें त्यास वर्गणी मागत फिरतांना आढळून आलें. तेव्हांपासून तो स्वतः शक्य तितका मागें राही, आणि ही योजना ‘कांहीं मित्रांची’ आहे, असें सांगे. ज्या शहरांत प्रत्येक कोनशिलेवर नांव कोरण्यासाठीं भांडणें होतात, त्या शहरांत या एका गोष्टीचें अनुकरण झालें तरी पुष्कळ झालें.

दुसरें काम आगीचें. घरें दाटीनें उभीं राहूं लागलीं तशी आगीची भीति वाढली. १७३० सालीं नदीच्या धक्क्यावर मोठी आग लागून वखारी व घरें जळालीं. फ्रँकलिननें या विषयावर जंटोमध्यें निबंध वाचला, आपल्या पत्रांत लिहिलें, आणि १७३६ च्या डिसेंबरांत तीस गृहस्थांनीं मिळून ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन केली. तिचे नियम अगदीं साधे होते. प्रत्येक सभासदानें पाण्यासाठीं चामड्याच्या बादल्या व माल भरून बाहेर काढण्यासाठीं मजबूत पिशव्या नेहमीं तयार ठेवाव्यात, आग लागतांच त्या घेऊन धांवावें, महिन्यांतून एकदां जमून आग कशी लागते व कशी विझते याचा विचार करावा. जो सभेस येणार नाहीं त्यानें दंड द्यावा, व त्या दंडांतून बंब, शिड्या व आंकडे विकत घ्यावेत. तीसांहून अधिक सभासद घ्यावयाचे नाहींत असें ठरल्यामुळें इतरांनीं आपापलीं निराळीं मंडळें काढलीं, आणि थोड्याच वर्षांत बहुतेक मालमत्तेचे धनी कोणत्या ना कोणत्या मंडळांत दाखल झाले. याच संवयींतून १७५२ सालीं आगीच्या विम्याची परस्परसाहाय्य संस्था निघाली. तिच्यांत विमा उतरणारे तेच मालक होते. व्यापारी वाचकांस यांतील तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाहीं. शेजाऱ्याचें घर वाचविणें हा आपला धर्म आहेच, पण त्यांत आपला नफाही आहे, हें जेथें हिशेबानें पटतें तेथें धर्म टिकतो.

येथपर्यंतचीं उदाहरणें वर्गणीचीं झालीं. एवढ्यावरच आम्ही थांबलों, तर वाचकांचा असा समज होईल कीं, लोकांनीं वर्गण्या जमवून सर्व कामें करावींत व सरकारनें आणि नगरसंस्थेनें हात झाडून मोकळें व्हावें, असा आमचा उपदेश आहे. तो मुळींच नाहीं. या शहराच्या इतिहासांतील खरा धडा पुढें आहे, आणि तो रात्रीच्या गस्तीच्या प्रकरणांत सांपडतो.

गस्तीची जुनी रीत अशी होती कीं, प्रत्येक पेठेच्या कॉन्स्टेबलानें घरवाल्यांस पाळीपाळीनें पहाऱ्यास बोलवावें. ज्यास पहाऱ्यास जाणें नको असेल, त्यानें वर्षाला सहा शिलिंग द्यावे. त्यांतून बदली माणूस लावला जावा, हा हेतु. प्रत्यक्षांत जमणारी रक्कम बदली माणसांच्या खर्चाहून कितीतरी अधिक होई, आणि कॉन्स्टेबलाचें पद हें एक उत्पन्नाचें वतन बनलें. तो थोड्याशा दारूवर असलींच उडाणटप्पू माणसें जमवी कीं, त्यांच्याबरोबर उभें राहणें अब्रूदार घरवाल्यांस नकोसें वाटे. म्हणून तेही पैसे देऊन सुटत. पहारेकरी फेऱ्या न घालतां रात्र पिण्यांत घालवीत. फ्रँकलिननें यावर जंटोमध्यें निबंध वाचला. त्यांत कॉन्स्टेबलाच्या लबाडीची चर्चा होतीच. पण त्याचा मुख्य आक्षेप सहा शिलिंगांच्या समानतेवर होता. जिची सारी मालमत्ता कदाचित् पन्नास पौंडांचीही नाहीं, अशा गरीब विधवेनें जेवढें द्यावयाचें, तेवढेंच, ज्याच्या वखारींत हजारों पौंडांचा माल भरलेला आहे अशा सावकारानें द्यावयाचें, हा कोणता न्याय? रक्षण ज्याच्या मालाचें अधिक, त्यानें अधिक द्यावें. म्हणून पगारी व कायमचे पहारेकरी ठेवावेत, आणि त्यांचा खर्च मालमत्तेच्या प्रमाणांत कर बसवून काढावा, अशी त्याची सूचना होती.

ही सूचना एका रात्रींत मान्य झाली नाहीं. जंटोच्या सभासदांनीं तिच्याच धर्तीवर निघालेल्या दुसऱ्या मंडळांत ती नेली, आणि वर्षांनुवर्षें ती लोकांच्या बोलण्यांत घोळत राहिली. अखेरीस १७५१ सालीं विधिमंडळानें कायदा केला. त्यानें गस्त व रस्त्यावरील दिवे यांची व्यवस्था लोकांनीं निवडलेल्या वॉर्डनांकडे दिली, व त्यासाठीं कर बसविण्यास परवानगी दिली. वाचकांनीं हा क्रम नीट पाहावा. आधीं चर्चा, मग लोकमत, नंतर कायदा, आणि कायद्याबरोबर कर. शिवाय कर गोळा करणारा व खर्च करणारा मनुष्य लोकांनीं निवडलेला. वर्गणी हें सार्वजनिक कामाचें बाळपण आहे. बाळपणांत तें आवश्यकच असतें. परंतु काम मोठें झालें, सर्वांच्या उपयोगाचें ठरलें, म्हणजे तें कायद्याच्या व कराच्या वयास आलें पाहिजे. नाहीं तर देणारा देत राहतो व न देणारा फुकट उपभोगीत राहतो.

रस्त्यांची गोष्ट याच मार्गानें गेली. शहराचे रस्ते सरळ व रुंद होते, पण फरसबंदी नसल्यामुळें पावसाळ्यांत गाड्यांच्या चाकांनीं त्यांचा चिखल होई व उन्हाळ्यांत धूळ उडे. बाजाराजवळ थोडा भाग दगडांनीं बांधून झाला, तरी गाड्यांच्या चाकांना लागून येणारा चिखल त्यावर पडे व तो कोणी काढीत नसे. फ्रँकलिननें एक गरीब व कष्टाळू मनुष्य शोधून काढला. प्रत्येक घरामागें महिन्यास सहा पेन्स मिळाल्यास आठवड्यांतून दोनदां रस्ता झाडून दारापुढील घाण उचलून नेण्यास तो तयार झाला. मग फ्रँकलिननें एक पत्रक छापून घरोघर दिलें. त्यांत त्यानें दुकानदारांस दोन गोष्टी सांगितल्या: पायांना चिखल लागला नाहीं म्हणजे गिऱ्हाइकें अधिक येतील, आणि वारा सुटला असतां मालावर धूळ बसणार नाहीं. सर्वांनीं करारावर सह्या केल्या. बाजाराचा परिसर स्वच्छ दिसूं लागतांच सर्व शहरास फरसबंदीची इच्छा झाली, आणि त्यासाठीं कर देण्यास लोक अधिक राजी झाले. १७५७ सालीं इंग्लंडास जाण्यापूर्वीं फ्रँकलिननें फरसबंदीच्या कायद्याचा मसुदा तयार केला. तो त्याच्या पाठीमागें संमत झाला. सहा पेन्सांच्या झाडूनें जें मन वळविलें, तें शंभर व्याख्यानांनीं वळलें नसतें.

दवाखान्याच्या बाबतींत विधिमंडळ व लोक यांची सांगड फारच चतुराईनें घातली गेली. गरीब रोग्यांसाठीं दवाखाना असावा ही मूळ कल्पना डॉक्टर थॉमस बाँड यांची. वर्गणी सुरू झाली. पण ती पुरेना, म्हणून १७५१ सालीं विधिमंडळाकडे मदत मागण्यांत आली. खेड्यापाड्यांचे प्रतिनिधि म्हणाले, दवाखाना शहराचा, मग पैसा शहरानेंच द्यावा. शिवाय एवढी वर्गणी जमणें शक्य नाहीं. तेव्हां फ्रँकलिननें ठराव असा मांडला कीं, लोकांनीं दोन हजार पौंड जमविले तरच सरकारी खजिन्यांतून दोन हजार द्यावे. विरोधकांस वाटलें, रक्कम जमणार नाहीं, आणि खर्च न करतां दातृत्वाचें श्रेय मिळेल. त्यांनीं संमति दिली. उलट वर्गणीदारांस वाटलें, आपल्या एका पौंडाचे दोन होत आहेत. त्यांनीं सढळ हातानें दिलें. रक्कम जमली व पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल उभें राहिलें. सरकारी मदत ही लोकांच्या प्रयत्नाच्या मागून आली म्हणजे तिनें प्रयत्न दुप्पट होतो. ती पुढून आली म्हणजे पुष्कळदां तो मरतो.

येथें कोणी म्हणेल कीं, हा सर्व एका असामान्य पुरुषाचा पराक्रम आहे. असा फ्रँकलिन आमच्या शहरांत जन्मास आला म्हणजे आम्हीही करूं. या आक्षेपाची आम्हांस चीड येते. फ्रँकलिन असामान्य होता यांत शंका नाहीं; तो स्वतः पुढें १७४८ सालीं त्याच बंदिस्त नगरसंस्थेंत कौन्सिलर व १७५१ सालीं आल्डरमन झाला. परंतु त्याचीं जीं कामें टिकलीं तीं त्याच्या खुर्चीमुळें टिकलेलीं नाहींत. १७५७ नंतर तो बरींच वर्षें इंग्लंडांत होता; त्याच्या गैरहजेरींत आगीचीं मंडळें दर महिन्यास भरत होतीं, ग्रंथालयाचे हिशेब तपासले जात होते, वॉर्डन दिवे लावीत होते. पुढारी परदेशीं गेल्यावर जी संस्था चालते तीच खरी संस्था. अवताराची वाट पाहणें हें आळसाचें सर्वांत प्रतिष्ठित नांव आहे.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो आम्ही झांकून ठेवणार नाहीं. या नागरिकत्वाच्या वर्तुळांत सर्व माणसें नव्हतीं. मालमत्ता नसलेल्यांस मत नव्हतें, बायकांस नव्हतें, आणि शहरांत गुलामगिरी होती. फ्रँकलिनच्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ या पत्रांत गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात, आणि त्याच्या स्वतःच्या घरीं गुलाम होते. गरीब विधवेवरील सहा शिलिंगांचा अन्याय ज्यास दिसला, त्यास आपल्या उंबरठ्याच्या आंतला अन्याय दिसण्यास बरींच वर्षें लागलीं. उतारवयांत, १७८७ सालीं, तो गुलामगिरी नष्ट करूं पाहणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, त्याच १७८७ सालीं रिचर्ड अॅलन व अॅब्सलम जोन्स या दासस्थितींतून मुक्त झालेल्या दोघां कृष्णवर्णीयांनीं त्याच शहरांत ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ काढली. तिच्या सभासदांनीं दरमहा एक शिलिंग द्यावयाचा, व त्यांतून गरजू सभासदांस, त्यांच्या विधवांस व पोरक्या मुलांस मदत करावयाची. १७९३ सालीं पिवळ्या तापाची सांथ आली, श्रीमंत लोक शहर सोडून पळाले, तेव्हां या मंडळीनें रोग्यांची शुश्रूषा केली व प्रेतें पुरलीं. ज्यांस वर्तुळाबाहेर ठेविलें होतें, त्यांनीं वर्तुळांतल्यांस वाचविलें. ज्या सुधारकास आपल्या गांवच्या सार्वजनिक विहिरीवर कोणास पाणी भरूं दिलें गेलें नाहीं याची आठवण आहे, त्यास यावर अधिक भाष्य नको.

आतां या सगळ्याचा राजकारणाशीं संबंध काय? तो फार निकटचा आहे. १७६५ सालीं इंग्लंडच्या पार्लमेंटनें वसाहतींवर स्टँपाचा कर बसविला. जे लोक झाडूसाठीं व दिव्यासाठीं स्वतः होऊन कर मागत होते, त्याच लोकांनीं हा कर देण्याचें साफ नाकारलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यांनीं, कायदा रद्द होईपर्यंत इंग्लंडहून माल मागवावयाचा नाहीं, अशा करारावर सह्या केल्या. पुढील वर्षीं तो कायदा रद्द झाला. यांत विसंगति नाहीं. आपण निवडलेल्या माणसानें, आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या कामासाठीं घेतलेला पैसा हा कर. ज्यास आपण निवडलें नाहीं त्यानें घेतलेला पैसा ही खंडणी. हा भेद त्यांस पुस्तकांतून कळला नव्हता. गस्तीच्या व दिव्यांच्या हिशेबांतून कळला होता. १७७४ च्या सप्टेंबरांत वसाहतींची पहिली काँग्रेस याच शहरांत भरली. ती सरकारी वाड्यांत न भरतां सुतारांच्या संघानें स्वतः बांधलेल्या कार्पेंटर्स हॉलमध्यें भरली, आणि त्याच इमारतीच्या माडीवर तें पन्नास वर्गणीदारांचें ग्रंथालय होतें. राष्ट्राची सभा बसण्यास जागा लागली, तेव्हां ती कारागिरांनीं व वाचकांनीं आधींच तयार करून ठेविली होती. क्रांतीबरोबर १७७६ सालीं ती बंदिस्त नगरसंस्था नाहींशी झाली, आणि तिच्यासाठीं कोणीं अश्रु ढाळल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. १७८९ सालीं शहरास नवी सनद मिळाली. तिच्यांत नगरपिते लोकांनीं निवडावयाचे होते. म्हणजे संवय आधीं लागली व तिला शोभेशी सनद मागून आली.

आपल्याकडे क्रम उलट झाला. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, तो मुख्यतः लोकांस राजकीय शिक्षण मिळावें म्हणून. पुढें स्वतंत्र भारतानें १९९२ सालीं चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती करून नगरपालिकांस राज्यघटनेंत स्थान दिलें. सनद, मत व वॉर्ड हें सर्व आपणांस आहे. फिलाडेल्फियाच्या त्या कष्टकऱ्यांना यांतलें कांहींच नव्हतें. तेव्हां ज्यांच्याजवळ नव्हतें त्यांनीं केलें आणि ज्यांच्याजवळ आहे त्यांनीं करूं नये, याचें कारण कायद्याच्या पुस्तकांत शोधून सांपडावयाचें नाहीं. आमचें वाचकांस एवढेंच सांगणें आहे: आपल्या पेठेंतले बारा जण दर शुक्रवारीं एका ओसरीवर बसवा, न येणाऱ्यास दंड ठेवा, एक गटार किंवा एक दिवा हाच विषय घ्या, आणि नगरपालिकेचें अंदाजपत्रक मागवून आपल्या वॉर्डासाठीं किती रक्कम धरली व किती खर्च झाली हें ओळीओळीनें वाचा. वाचून झाल्यावर आपल्या नगरसेवकास त्याच ओसरीवर बोलवा आणि तो हिशेब त्याच्यापुढें ठेवा.